तोरिनोत राहायला येताय? घर, कागदपत्रं, बाजार आणि बाकी बरंच काही

केतकी_तो

दर उन्हाळ्यात मेसेज सुरू होतात. पॉलितेक्निकोत (इथल्या इंजिनियरिंगच्या विद्यापीठात) ॲडमिशन झाली, सप्टेंबरात निघतोय, कुठे राहू, जेवणाचं काय, थंडी किती. कोणी नोकरीसाठी येतं, कोणी नवऱ्याच्या किंवा बायकोच्या बदलीमुळे. प्रत्येकाला तुकड्यातुकड्यात सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. मी लग्नानंतर तोरिनोत (आपल्याकडे ट्यूरिन म्हणतात तेच) आले आणि आता इथलीच झालेय. त्यामुळे प्रेक्षणीय स्थळं कमी, रोजचं जगणं जास्त, असं हे लिखाण आहे.

माझं मत आधीच सांगते. दोन दिवस बघायला यायचं असेल तर रोम-फ्लॉरेन्सला जा, पण राहायचं असेल तर तोरिनोसारखं शहर नाही. हे शहर १८६१ ते १८६५ एकत्रित इटलीची पहिली राजधानी होतं, मग ते मोटारींचं, कारखान्यांचं शहर झालं, आणि पर्यटकांवर पोट अवलंबून नसल्यामुळे इथलं सगळं इथे राहणाऱ्यांसाठी चालतं. त्याचा फायदा मिळवायचा तर आपणही राहणाऱ्यांसारखं राहायला हवं, म्हणजे बाजारात जायला हवं, शेजाऱ्यांशी बोलायला हवं आणि त्यासाठी इटालियन शिकायला हवं. हे तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, त्यावर खाली लिहितेच.

आधी घर. पॉलितेक्निकोची मुख्य इमारत कोर्सो दुका देल्यी अब्रुत्सीवर आहे. तिला लागून क्रोचेत्ता, झाडांचे रस्ते, जुन्या देखण्या इमारती, भाडंही तसंच. विद्यार्थ्यांनी पश्चिमेकडे चेनीझिया आणि सान पाओलो बघावं, चालत कॉलेज गाठता येतं आणि वस्ती साधी कुटुंबांची आहे. सान साल्वारिओ पोर्ता नुओवा स्टेशनच्या पलीकडे, व्हॅलेंटिनो पार्क आणि पो नदी जवळ, जगभरचे लोक राहतात, जिवंत भाग आहे, पण शुक्रवार-शनिवार रात्री खाली बारमध्ये बसलेल्यांचे आवाज पहाटेपर्यंत वर येतात, त्यामुळे रस्त्यावरची खोली घेण्याआधी विचार करा, आतल्या चौकाकडे तोंड असलेली मिळाली तर उत्तम. ज्यांचं विद्यापीठ कॅम्पस एइनाउदीत आहे त्यांनी वांकिल्या हा भाग बघावा. उत्तरेकडचे आउरोरा आणि बारिएरा दि मिलानो स्वस्त आहेत, लोक घाबरवतात, मी म्हणेन दिवसा एकदा आणि रात्री एकदा स्वतः जाऊन या आणि मग ठरवा.

घर न बघता कोणालाही पैसे पाठवायचे नाहीत. फोटो कितीही सुंदर असू देत, मालक कितीही गोड बोलू दे, 'मी सध्या परदेशात आहे, किल्ली कुरियरने पाठवतो' म्हणाला की तिथेच थांबा. करार रजिस्टर झालेलाच हवा, ३० दिवसांत तो रजिस्टर करायचा असतो, आणि नंतर प्रत्येक सरकारी कामाला तो कागद लागतो. डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांचं भाडं. आणि हे नक्की विचारा की हीटिंग सगळ्या इमारतीचं एकत्र आहे की तुमचं वेगळं, आणि सोसायटीचा खर्च भाड्यात धरलाय की वर. एकत्र असेल तर ते १५ ऑक्टोबर ते १५ एप्रिल चालतं, दिवसाला जास्तीत जास्त १४ तास, असा नियम आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात घरात कुडकुडायला होतं तेव्हा कोणाकडे तक्रार करून उपयोग नसतो, एक जाड रजई पहिल्याच आठवड्यात आणा.

मग कागद. आल्यापासून कामाच्या ८ दिवसांत पेर्मेस्सोचा म्हणजे राहण्याच्या परवान्याचा अर्ज. पोस्टात किट मिळतं, ते भरून पोस्टातच द्यायचं, त्यावर १६ युरोचा मार्का दा बोल्लो म्हणजे सरकारी शुल्काचा स्टँप लावायचा. तो पोस्टात शोधत बसू नका, मोठ्या T अक्षराची पाटी असलेल्या ताबाक्कीत, म्हणजे तंबाखू-सिगारेटच्या दुकानात मिळतो. पोस्टातून जी पावती मिळते ती जिवापाड जपा, कार्ड हातात येईपर्यंत तीच तुमची ओळख, आणि कार्डाला महिनोन् महिने लागतात. नूतनीकरणाच्या वेळी नुसत्या पावतीवर भारतात जायचं असेल तर फ्रँकफर्ट किंवा पॅरिसला विमान बदलू नका, शेंगेनमधल्या (आपसात सीमा-तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटातल्या) दुसऱ्या देशातून ती पावती चालत नाही. दोहा, दुबई, अबू धाबी असं कुठून तरी जा.

आता माझ्या आवडीचं, बाजार. पोर्ता पलात्सो. पियात्सा देल्ला रेपुब्लिकामध्ये भरणारा हा युरोपातल्या सगळ्यात मोठ्या उघड्या बाजारांपैकी एक आहे, सोमवार ते शुक्रवार सकाळी, शनिवारी संध्याकाळपर्यंत. चार नंबरची ट्राम थेट सोडते. बाहेरच्या ठेल्यांवर हिरव्या मिरच्या, कोथिंबिरीच्या जुड्या, पुदिना, भेंडी, आलं सगळं मिळतं, मोरोक्कन विक्रेते बरेच आहेत. पण खरी गंमत मागे, लोखंडी छताखाली शेतकरी बसतात तिथे. आजूबाजूच्या गावातून आपल्याच शेतातलं घेऊन आलेली माणसं, पाटी हाताने लिहिलेली, हंगामात नसलेलं काहीही नाही. मे-जूनमध्ये पेचेत्तोच्या चेरी, उन्हाळा संपताना कार्मान्योलाच्या जाडजूड ढोबळ्या मिरच्या, पिवळ्या आणि लाल. मी एका आजींकडून घेते. त्यांच्याकडे फळाला आपण हात लावायचा नाही, हे इथे सगळीकडेच आहे, त्या स्वतः निवडून देतात. आधी विचारतात, आज खायचं की उद्या? आज म्हटलं तर पिकलेले टोमॅटो, परवा म्हटलं तर थोडे हिरवट. भरल्या वांग्यांसाठी लहान वांगी हवीत हे मी त्यांना हाताने दाखवून सांगितलं होतं, तेव्हापासून हंगामात बारकी वांगी त्या माझ्यासाठी बाजूला काढून ठेवतात आणि दरवेळी विचारतात की शेंगदाणे नक्की कधी घालायचे. हे नातं सुपरमार्केटात मिळत नाही आणि भाषेशिवाय तर नाहीच नाही.

(चीज वगैरे घेताना भाव बऱ्याचदा १०० ग्रॅमचा लिहिलेला असतो, त्याला एत्तो म्हणतात. दोन एत्तो म्हणजे पाव किलोला थोडं कमी. किलोचा भाव समजून खूप घेतलं जातं, तर लक्ष असू द्या.)

भाषेचं. कोर्स इंग्रजीत आहे, ऑफिसात इंग्रजी चालतं, म्हणून लोक शिकत नाहीत. डॉक्टर, पोस्ट, शाळा, इमारतीची मीटिंग, यातलं काहीही इंग्रजीत होत नाही. सरकारी प्रौढ शिक्षण केंद्रं आहेत, सीपीआयए म्हणतात, तिथे जवळपास फुकटात शिकवतात, वर्गात नायजेरिया, पेरू, मोरोक्को, बांगलादेश सगळीकडची माणसं असतात आणि सगळ्यांना सारखीच गरज असल्यामुळे पटपट बोलायला लागतात. तिथेच माझी इथली पहिली मैत्रीण झाली. येण्याआधी सहा महिने पुण्या-मुंबईत क्लास लावता आला तर लावाच.

खूप लांबलं, पण विचारा काय हवं ते.

ओवी२

ताई, फारच कामाचं लिहिलंयत. मी सप्टेंबरला येतेय, पॉलितेक्निकोलाच. मी शाकाहारी आहे, अंडंही खात नाही. आई सारखी विचारतेय की तिथे खाशील काय. आणि हेल्थ इन्शुरन्सचं काय करायचं, कोणी म्हणतं प्रायव्हेट घे कोणी म्हणतं सरकारी.

केतकी_तो

ओवी, आईला सांग काळजी करू नको म्हणावं, इटलीत शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. फक्त काही गोष्टी माहीत असू देत. पार्मेज्यानो आणि ग्राना पादानो ही दोन्ही चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने (दूध घट्ट करणारा पदार्थ) करतात, तुला चालत नसेल तर पास्त्यावर टाकू नका असं आधीच सांगायचं. बान्या काउदा नावाचा इथला प्रसिद्ध पदार्थ आहे, भाज्या बुडवून खातात म्हणून शाकाहारी वाटतो, पण त्यात अँकोव्ही मासे असतात. आन्योलोत्तीत (सारण भरलेला पास्ता) सहसा मांस असतं. ताज्या पास्त्यात अंडं असतं, दुकानातला पाकिटातला सुका पास्ता बहुतेक वेळा गव्हाचा रवा आणि पाणी एवढाच, पण काहींत अंडं असतं, तेव्हा पाकिटावर काय घातलंय ते वाचून घे.

आणि फारिनाता नक्की खा. बेसन, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ, मोठ्या तांब्याच्या परातीत भट्टीत भाजतात, वरून मिरपूड. आपल्या बेसनाच्या धिरड्याचीच बहीण. पिझ्झा पादेल्लीनोत म्हणजे छोट्या लोखंडी तव्यात करणारी जुनी दुकानं आहेत, तिथे मिळते, गरम असतानाच खायची. बेसन इथे सुपरमार्केटात फारिना दि चेची नावाने मिळतं, तूरडाळ, कणीक, पोहे यासाठी पोर्ता पलात्सो आणि सान साल्वारिओतली बांगलादेशी दुकानं. कुकर आणि मिसळणाचा डबा घरून आण, बाकी सामान वाहून आणू नकोस.

इन्शुरन्स: सरकारी आरोग्यसेवेत स्वेच्छेने नाव नोंदवायला विद्यार्थ्यांना पूर्वी दीडशे युरोच्या आत लागायचे, २०२४ पासून वर्षाला ७०० झालेत. आणि वर्ष म्हणजे जानेवारी ते डिसेंबर, तू सप्टेंबरात भरलेस तरी डिसेंबरात संपणार. म्हणून आल्या आल्या बरेच जण पहिले काही महिने प्रायव्हेट घेतात. तुला कायमचा काही आजार, औषधं असतील तर मात्र सरकारीच घे, ठराविक फॅमिली डॉक्टर मिळतो आणि तो फार मोठा आधार असतो. इमर्जन्सीला ११२.

सह्यरांगा

छान लिहिलंय. मी तिथे गाड्यांच्या कंपनीच्या कामासाठी होतो, मिराफियोरीच्या बाजूला राहायचो, आता पुण्यात परत. पण एक गोष्ट राहिली ती मी लिहितो कारण नवीन माणसाला ती आधी कळली पाहिजे. हवा. पो नदीचं खोरं तिन्ही बाजूंनी डोंगरांनी बंद आहे, हिवाळ्यात वारा पडला की गाड्यांचा आणि हीटिंगचा सगळा धूर खाली बसून राहतो, नोव्हेंबर ते फेब्रुवारी आठवडेच्या आठवडे आकाश मळकं. दमा असेल, लहान मूल असेल तर हे गृहीत धरून यावं. त्या दिवसांत जुन्या डिझेल गाड्यांवर बंदी घालतात, तेव्हा सेकंडहँड गाडी घेताना तिचा युरो क्लास (ती किती प्रदूषण करते त्याची श्रेणी) बघूनच घ्या.

आणि मग एक दिवस आल्प्सवरून कोरडा गरम वारा सुटतो, फोएन म्हणतात, आणि सकाळी उठून बघावं तर कोर्सो फ्रांचियाच्या टोकाला बर्फाचे डोंगर उभे. सरळ रस्ते असल्यामुळे प्रत्येक रस्त्याच्या शेवटी डोंगर दिसतो. नैऋत्येला मोनव्हीझो, ३८४१ मीटर, एकटा त्रिकोणी, पो नदी तिथेच उगम पावते. मी लहानपणापासून सह्याद्रीत फिरलेला माणूस, मला त्या शहराने धरून ठेवलं ते या डोंगरांनी. शनिवारी सकाळी लोकल पकडून सांत आम्ब्रोज्योला उतरायचं आणि पायवाटेने साक्रा दि सान मिकेलेपर्यंत चढायचं, कड्यावरचा हजार वर्षं जुना मठ आहे. आपल्या ट्रेकरांनी हे चुकवू नये.

फुटबॉलबद्दल पण थोडं. आपल्याकडे सगळे युव्हेंटस ओळखतात, पण ऑफिसातले जुने कामगार बरेचसे तोरिनो क्लबचे. ४ मे १९४९ ला त्यांचा जवळजवळ संपूर्ण संघ लिस्बनहून परत येताना विमान ढगात सुपेर्गाच्या टेकडीवर आदळलं, ३१ माणसं गेली, कोणी वाचलं नाही. त्या काळचा इटलीतला सगळ्यात भारी संघ. आजही दरवर्षी ४ मे ला लोक टेकडी चढून जातात आणि चर्चच्या मागच्या भिंतीपाशी संघाचा कप्तान सगळ्यांची नावं मोठ्याने वाचतो. मी एका सहकाऱ्याबरोबर गेलो होतो, साठीचा माणूस, एरवी कामाशिवाय बोलायचा नाही. नावं वाचताना तो प्रत्येक नाव ओठातल्या ओठात म्हणत होता, त्याच्या वडिलांनी त्याला लहानपणी पाठ करून घेतलेली. त्या दिवसानंतर आम्ही मित्र झालो, अजून फोन असतो. तोरिनोची माणसं थंड आहेत असं इटलीतले बाकीचे लोक म्हणतात, मला ते पटत नाही. वेळ घेतात, पण घेतलं की सोडत नाहीत.

निमा_बोलोन्या

सह्यरांगा, शेवटचं वाक्य मान्य, पण वेळ फारच घेतात हो :) मी आधी तोरिनोत होते आणि आता बोलोन्यात, तर इकडची बाजू मांडते. विद्यार्थ्याने एकटं यायचं असेल तर मी बोलोन्या म्हणेन. शहर छोटं, सगळं चालत, रस्त्यावर अनोळखी माणूस सहज गप्पा मारतो. रस्त्याकडेला ज्यांच्या छताखालून चालत जाता येतं त्या कमानींचंच म्हणाल तर तोरिनोच्या १८ किलोमीटर आहेत, आमच्या ६२, आणि २०२१ पासून युनेस्कोच्या यादीत.

पण हे पण खरं सांगते की घर मिळण्याच्या बाबतीत बोलोन्याचे हाल आहेत. खोली शोधण्यात पोरं महिनेच्या महिने घालवतात, हॉस्टेलमध्ये पैसे संपवतात. त्या मानाने तोरिनोत निवड जास्त आणि भाडं कमी. मोठं शहर असून परवडतं हे तोरिनोचं मोठेपण. मिलानला नोकरी मिळाली तरी तोरिनोत घर ठेवून रोज जाणारे मला माहीत आहेत, फास्ट ट्रेनने तासाभरात मिलान.

केतकी_तो

निमा, ६२ किलोमीटर मान्य आणि सुंदरच आहेत, पण तोरिनोतल्या व्हिया पो या रस्त्याच्या एका बाजूच्या कमानी मधले गल्लीबोळ ओलांडतानाही तुटत नाहीत, राजाला राजवाड्यापासून नदीपर्यंत पावसात न भिजता जाता यावं म्हणून. आता त्याचा फायदा बाबागाडी ढकलणाऱ्या आयांना आणि काठी घेऊन चालणाऱ्या आजोबांना होतो. मुलगी तान्ही असताना नोव्हेंबरच्या पावसात मी रोज तिथेच फिरवायचे.

पीकेकाका

मुलगा-सून तिकडे आहेत, आम्ही दोघं पुढच्या एप्रिलला तीन महिन्यांसाठी जातोय. ते दोघं दिवसभर ऑफिसात. आम्हाला इटालियन येत नाही, हिचे गुडघे दुखतात. घरात बसून राहावं लागेल का?

केतकी_तो

काका, अजिबात नाही. एप्रिल ते जून हा इथला सगळ्यात छान काळ. शहर सपाट आहे, बाक भरपूर आहेत, आणि चौकाचौकात हिरव्या रंगाचे बैलाच्या तोंडाचे नळ आहेत, तोरेत म्हणतात, पाणी चोवीस तास वाहतं आणि स्वच्छ असतं, बाटली भरून घ्यायची. सकाळी व्हॅलेंटिनो पार्कात नदीकाठी फिरा, तिथे तुमच्या वयाची बरीच मंडळी असतात, रोज दिसलात की आपणहून 'ब्वोन जोर्नो' म्हणतात. पहिली ओळख तेवढ्यावर होते. भारतातून आलो म्हटलं की सोनिया गांधींचा विषय निघू शकतो, त्यांचं बालपण इथून जवळ ओर्बास्सानोत गेलं.

इजिप्तचं म्युझियम मात्र एका दिवसात उरकू नका. १८२४ साली सुरू झालेलं, कैरोच्या खालोखाल नाव घेतात. काकूंना खा आणि मेरितचं दालन दाखवा. खा हा राजाची थडगी बांधणाऱ्या कारागिरांचा मुकादम, मेरित त्याची बायको, साधारण ३४०० वर्षांपूर्वीचं जोडपं. १९०६ मध्ये त्यांचं थडगं जसंच्या तसं सापडलं, चोरांनी न उघडलेलं. राजाराणीचं सोनं बघून माणूस दिपतो, पण इथे घरातलं सामान आहे. त्यांचा पलंग, घडी घातलेले कपडे, तिचा केसांचा टोप आणि प्रसाधनाची पेटी, आणि पाव. वेगवेगळ्या आकारांचे, भाजलेले खरे पाव, त्यावर बोटांनी दाबल्याच्या खुणा वाटाव्यात इतके चांगले राहिलेले. माझी आई आली होती तेव्हा त्या काचेसमोरून हलेना. म्हणाली, कोणीतरी यांना वाटेत भूक लागेल म्हणून शिदोरी बांधून दिलीय. मी तिथे बऱ्याचदा जाते आणि आता मलाही ते तसंच दिसतं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी राजवाडा म्हणजे मुझेई रेआली फुकट असतो, गर्दी असते पण लवकर गेलात तर ठीक. मोले आन्तोनेल्लियानाचा उंच मनोरा (१६७.५ मीटर, दोन सेंटच्या इटालियन नाण्यावर तोच आहे) आत लिफ्टने चढता येतो, काचेची लिफ्ट आहे, उंचीची भीती असेल तर राहू द्या. दुपारी कोन्सोलाता चर्चसमोरच्या १७६३ पासूनच्या कॅफेत बिचेरिन प्या. खाली गरम चॉकलेट आणि कॉफी, वर थंड साय, ढवळायचं नाही, तसंच ओठाला लावायचं. बसायचे पैसे वेगळे लागतात पण एकदा बसाच.

देवकी_मा

मुलगा चार वर्षांचा. शाळेचं काय? आणि त्याला भाषा येत नाही तर तो रडेल का, याचंच टेन्शन आहे.

केतकी_तो

देवकी, तीन ते सहा वर्षांची सरकारी आणि महापालिकेची बालशाळा असते. पुढच्या सप्टेंबरचे अर्ज साधारण जानेवारीत भरून घेतात, तुम्ही मधेच आलात तरी जागा असेल तर घेतात, तेव्हा आल्या आल्या जवळच्या दोनतीन शाळांमध्ये स्वतः जाऊन चौकशी करा, ईमेलला उत्तर येईलच असं नाही. लस टोचल्याची कागदपत्रं लागतात, भारतातलं लसीकरण कार्ड विसरू नका. मुलांसाठी वेगळे सरकारी बालरोगतज्ज्ञ असतात, नोंदणी झाली की तुम्हीच निवडायचा. शाळेच्या जेवणात शाकाहारी ताट मागता येतं, फॉर्मवर लिहून द्यायचं.

रडण्याचं खरं सांगते. पहिले दोन आठवडे बहुतेक मुलं रडतात, इटालियन मुलंसुद्धा, म्हणून सुरुवातीला आईबाबांना थोडा वेळ वर्गात बसू देतात. माझी मुलगी बरेच आठवडे शाळेत एक अक्षर बोलली नाही, बाईंनी तिला कधी जबरदस्ती केली नाही, रोज तिच्याशी बोलत राहिल्या. मग एकदा घरी बाहुल्यांशी खेळताना पूर्ण वाक्यं इटालियनमधून यायला लागली. घरी मराठीच बोला. शाळेतल्या बाईंनीच मला हे सांगितलं होतं की घरची भाषा पक्की असेल तर आमचीही लवकर येते.

ओवी२

ताई, अजून एकच. स्कॉलरशिपच्या भरवशावर यावं का? आणि मी पोचते रात्री साडेनऊला मालपेन्साला, मिलानच्या विमानतळावर.

केतकी_तो

एदिसूची (इथल्या सरकारी विद्यार्थी-मदत संस्थेची) स्कॉलरशिप विद्यार्थ्यांना मोठा आधार देते, घरच्या उत्पन्नावर असते, अर्ज नक्की कर. त्यासाठी आईबाबांच्या उत्पन्नाचे आणि मालमत्तेचे कागद भाषांतर करून, शिक्के मारून लागतात, ते भारतातूनच तयार करून आण, इथे बसून मागवायला फार वेळ जातो आणि शेवटची तारीख कोणासाठी थांबत नाही. पण पैसे हातात यायला उशीर होऊ शकतो, म्हणून निदान पहिल्या सहा महिन्यांची सोय घरून करून ये.

साडेनऊ म्हणजे बाहेर पडेपर्यंत अकरा. मालपेन्साहून थेट तोरिनोची बस असते पण त्या वेळेला मिळेलच असं धरू नकोस. विमानतळाजवळच रात्र काढ, सकाळच्या बसने ये. तारीख कळव, मी बसस्टॉपवर येईन.

ओवी२

हो ताई, १० सप्टेंबर. खूप खूप आभार. आई विचारतेय तुमच्यासाठी काय पाठवू?

केतकी_तो

गोडा मसाला.